गुलमर्गला गवत बघून आल्यावर

जानेवारी 2024 मध्ये आम्ही गुलमर्गला जाऊन गवत बघून आलो. वाळकं, पिवळट, आडवं पडलेलं गवत, नजर जाईल तिथपर्यंत. घोडेवाले त्यावरून रिकामे घोडे फिरवत होते. स्कीचे बूट भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने आम्हाला चहा पाजला, कारण त्या दिवसांत दुसरं काही देण्यासारखं त्याच्याकडे नव्हतंच. मुलुंडहून आम्ही तिघं गेलो होतो: मी, नवरा आणि तेव्हा सातवीत असलेला मुलगा. दोन बॅगा नुसत्या थर्मल, हातमोजे आणि माकडटोप्यांनी भरलेल्या. माकडटोप्या घडी न मोडता परत आल्या. आम्ही घरी पोचलो आणि महिनाअखेरीला तिकडे बर्फ पडला. तो मी बातम्यांत बघितला, कांदा चिरता चिरता.

माझा राग बर्फावर नव्हता, फोनमधल्या ॲपवर होता. निघण्याआधी पंधरा दिवस मी रोज रात्री ते उघडत होते आणि आमच्या सगळ्या तारखांखाली बर्फाची पांढरी फुलं दिसत होती. एका तारखेखाली तर तीन फुलं. नवरा म्हणाला होता, "पंधरा दिवस आधी कोण सांगू शकतं?" त्यावर मी त्याला ते फूल दाखवलं होतं. लग्नाला वीस वर्षं होत आली की अशी वाक्यं विसरली जात नाहीत. पुढे वर्षभर घरात काहीही चुकलं की "फूल दाखव" असं म्हणायची पद्धत पडली.

तेव्हा ठरवलं की परत जायचं, पण हे अंदाज वाचायला शिकून जायचं.

सुरुवात ऑफिसातूनच झाली. फोर्टातल्या आमच्या ऑफिसात वेसाव्याचा एक सहकारी आहे. घरची बोट आहे, ती भाऊ चालवतो. ह्याच्या फोनवर दिवसभर वाऱ्याचे नकाशे उघडे असतात, कारण बोट कधी काढायची आणि कधी परत फिरवायची हे भावाला तोच कळवतो. माझी पांढरी फुलं बघून तो हसला. म्हणाला, "ताई, तू चित्र बघतेस. चित्राला काय अर्थ? वारा बघ, किती वाजताचा ते बघ, कुठल्या मॉडेलचा ते बघ." (मॉडेल म्हणजे संगणकावर मांडलेलं हवामानाचं गणित.) मग त्याने त्या फुलावर बोट दाबून धरलं. खाली बारीक अक्षरांत होतं: 0.3 मिलिमीटर. म्हणजे दिवसभरात काचेवर धूळ बसावी इतका बर्फ, तोही पडला तर. ॲपला तेवढ्यावर फूल काढता येतं. आणि पंधरा दिवसांपुढच्या तारखेला ते बहुधा त्या दिवसांत सरासरी जे होतं तेच रंगवून दाखवतं. जानेवारीत गुलमर्गला सरासरी बर्फच असतो. म्हणजे मी अंदाज बघतच नव्हते, रिवाज बघत होते.

खरं तर आकड्याला जागा चिकटलेली असते हे मुंबईकराला कुणी शिकवायला नको. 26 जुलै 2005 ला मी फोर्टातच, नव्या नोकरीत होते. आमच्याकडे नेहमीसारखा पाऊस होता; संध्याकाळी स्टेशनवर गेल्यावर गाड्या नाहीत म्हणून कळलं की उपनगरांत काहीतरी झालंय. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला 75 सुद्धा नाही. दोन वेधशाळा, मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर. एवढं अंगावर घेतलेली बाई "गुलमर्ग: 12 सेंटिमीटर" असं वाचून तो आकडा नक्की कुठला हे विचारत नाही, ह्याचं मला आता नवल वाटतं.

तर, कुठला? ह्याचं उत्तर शोधण्यात दिवाळीची सुट्टी गेली.

डोंगरात जागा म्हणजे नकाशावरचा ठिपका नव्हे, उंची. मी वहीत इमारतीसारखं चित्र काढलं. श्रीनगरचा विमानतळ साधारण 1,650 मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराइतका उंच. विमानातून उतरलात की तुम्ही महाराष्ट्राच्या गच्चीवर उभे असता आणि तिथून पुढे चढण सुरू होते. गुलमर्गच्या पायथ्याचं टंगमर्ग 2,100 च्या पुढे. गुलमर्गचं कुरण, जिथे शिकाऊ लोक पडत-उठत असतात, ते 2,650 च्या आसपास. गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदूरीला सोडतो, तीन हजारांच्या थोडं वर. दुसरा टप्पा अफरवाट डोंगराच्या खांद्यावर, 3,950 च्या जवळपास. वर चढताना हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे कुरणात 1 अंश असेल तर वरच्या स्टेशनवर उणे सात-आठ. एकाच वेळी, एकाच ढगाखाली टंगमर्गला पाऊस, कुरणात ओला चिकट बर्फ आणि वर कोरडा भुसभुशीत बर्फ पडू शकतो. तिन्हीला ॲप "गुलमर्ग" म्हणतं.

आणि मॉडेलला तर डोंगर नीट दिसतही नाही. संगणक अख्ख्या पृथ्वीवर जाळी टाकतो. युरोपियन मॉडेलचा एक चौकोन सुमारे 9 किलोमीटरचा, अमेरिकन मॉडेलचा सुमारे 13. टंगमर्गपासून अफरवाटपर्यंत सगळं अशा एक-दोन चौकोनांत बसतं आणि चौकोनाला उंची एकच, सरासरीची. म्हणजे ऐरोलीची खाडी आणि येऊरचा डोंगर मिळून एकच सपाट मैदान धरायचं आणि त्यावर पाऊस पाडायचा. (आमची दुसरी ट्रिप झाल्यावर, 26 मे 2025 ला, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेत तयार झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. तिचा चौकोन 6 किलोमीटरचा आहे. बातमी वाचून मला एकटीलाच आनंद झाला. घरात कुणाला सांगायला गेले तर सगळे उठून गेले.)

स्कीइंगसाठी अंदाज देणारी काही संकेतस्थळं पायथा, मधला टप्पा आणि माथा असे तीन वेगळे आकडे देतात. ती सापडली तेव्हा मला गड जिंकल्यासारखं वाटलं. डिसेंबरात एका रात्री 30 सेंटिमीटर दिसले आणि मी गुलमर्गच्या स्की प्रशिक्षकाला फोन लावला. गवताच्या ट्रिपमध्ये त्याचा नंबर घेतला होता; त्याच्याकडे तेव्हा वेळच वेळ होता, त्यामुळे ओळख चांगली झाली होती. म्हटलं, "तीस सेंटिमीटर!" तो म्हणाला, "मॅडम, इधर तो मुश्किल से पाँच-छे है. ऊपर होगा." उघडलेलं पान माथ्याचं होतं. ॲप वेगळं, चूक तीच.

मिलिमीटर आणि सेंटिमीटर ह्या भानगडीने मला सर्वांत जास्त छळलं आणि तीच मला सर्वांत आवडली. मॉडेल पाणी मोजतं, मिलिमीटरमध्ये. बर्फाची उंची त्यावरून नंतर काढलेली असते. ढोबळ हिशेब असा की 1 मिलिमीटर पाण्याचा 1 सेंटिमीटर बर्फ, म्हणजे दहापट. पण कडक थंडीत तेच पाणी पंधरापट, कधी वीसपट फुलतं, आणि शून्याच्या आसपास पाच-सहापटच. कापूस आठवा. गादीवाला पिंजतो तेव्हा पाच किलो कापसाने अर्धी गॅलरी भरते. गादीत दाबून शिवला की वीतभर जाडी. वजन तेच.

मुलाला हे पटेना, म्हणून आम्ही प्रयोग केला. आमचा फ्रिज जुना, फ्रीजरमध्ये भुरा साचणारा. एका रविवारी त्याने चमच्याने भुरा खरवडून स्टीलच्या पेल्यात हलक्या हाताने काठोकाठ भरला. पेला ओट्यावर ठेवला. मुंबईचा ओटा, दहा-पंधरा मिनिटांत काम झालं. तळाशी पाणी उरलं ते पेल्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. दुसऱ्या खेपेला त्याने भुरा बोटाने दाबून भरला, तेव्हा पाणी अर्ध्याच्या वर गेलं. "म्हणजे आकाशातला बर्फ ह्याहून हलका?" त्याने विचारलं. बराच हलका. फ्रीजरमधला भुरा म्हणजे खरवडलेला, मोडलेला. आकाशातल्या पाकळ्या एकमेकींत अडकून मध्ये हवा धरून ठेवतात. त्या दिवसानंतर तोही वहीत डोकावायला लागला. मी सेंटिमीटर बघणं सोडलं. आधी पाण्याचे मिलिमीटर, मग त्या वेळचं त्या उंचीचं तापमान, आणि गुणाकार आपला आपण.

शून्य अंशाची पातळी हा शब्द इथेच भेटला. हवेत जिथे तापमान शून्य होतं ती उंची. बर्फ तिच्या दोन-तीनशे मीटर खालीही टिकतो, कारण पाकळी वितळायला वेळ लागतो. हवा कोरडी असेल तर आणखी खालपर्यंत, कारण वितळता वितळता थोडं पाणी उडून जातं आणि भोवतालची हवा थंड होते. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं, तीच गंमत. त्यामुळे फोनवर गुलमर्गला 2 अंश दिसले म्हणून पाऊसच पडेल असं नाही.

ह्या सगळ्याच्या मुळाशी आहे पश्चिमी झंझावात. वर्तमानपत्रात हा शब्द मी शंभर वेळा वाचला होता आणि शंभर वेळा पुढच्या बातमीवर गेले होते. भूमध्य समुद्राकडून निघालेली कमी दाबाची ही लाट वरच्या वेगवान वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान ओलांडत काश्मीरला थडकते. वाटेत आपल्या अरबी समुद्राची वाफही उचलते. आपल्याला पावसाळ्याची सवय, एकदा आला की चार महिने तळ ठोकणारा. काश्मीरचा बर्फ तसा मुक्कामी नसतो, तो फेऱ्या मारतो. लाट आली तर दोन-तीन दिवस, नाही आली तर कोरडं निळं आकाश. डिसेंबर 2023 आणि जानेवारी 2024 मध्ये जोरदार लाटा फारशा आल्याच नाहीत. चिल्लई कलान म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस काश्मीरात सर्वांत कडक थंडीचे, आणि आमचं गवत भर चिल्लई कलानमधलं होतं.

लाट येऊन गेल्याची पावती मुंबईत मिळते हे मला वहीमुळे कळलं. झंझावात पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून उत्तरेकडचे गार वारे खाली उतरतात आणि दोनेक दिवसांत आपल्याकडे पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते. मुलुंडला डोंगराच्या बाजूला जरा जास्तच. "आज गारवा आहे" असं सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या की मी वहीची मागची पानं उलटायचे. दर वेळी जुळलं असं म्हणणार नाही, पण जितक्या वेळा जुळलं त्याने माझा उत्साह टिकला.

वहीबद्दल सांगायला हवं. डिसेंबरपासून मी रोज तीन ओळी लिहायचे: सात दिवसांनंतर काय दिसतंय, तीन दिवसांनंतर काय, आणि आज खरं काय झालं. तिसरी ओळ प्रशिक्षकाच्या व्हिडिओवरून. वेसाव्याच्या सहकाऱ्याने वेळा सांगून ठेवल्या होत्या. मॉडेलची मुख्य फेरी ग्रीनिचच्या शून्य वाजता, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचच्या स्थितीवरून सुटते. युरोपियन मॉडेलचा निकाल फोनवर येईपर्यंत ऑफिसात डबे उघडायची वेळ होते. अमेरिकन मॉडेल दर सहा तासांनी नवं गणित मांडतं. म्हणून दर तासाला ॲप उघडून काही हाती लागत नाही. जुनंच उत्तर पुन्हा दिसतं आणि आपल्याला वाटतं अंदाज पक्का झाला.

दोन महिन्यांनी वही उलटून बघितली. सात दिवस आधी मोठा बर्फ दिसला असे आठ प्रसंग होते. त्यांतले तीन खरे झाले, तेही दोनदा एक दिवस उशिरा. तीन दिवस आधीचे बहुतेक बरोबर आले होते, मात्र आकडा क्वचितच. एका फेरीत 40, पुढच्या फेरीत 8, त्यापुढच्या फेरीत 25. ह्या हेलकाव्यांनी मी हैराण व्हायचे, तोवर एन्सेम्बल म्हणजे काय ते कळलं. युरोपियन केंद्र एकच गणित न करता, सुरुवातीची स्थिती किंचित बदलून एक्कावन्न गणितं करतं आणि एक्कावन्न उत्तरं देतं. केटरर विचारतो, "पानं किती?" तेव्हा आपण काय करतो? महिनाभर आधी तीनशे ते पाचशे म्हणतो. आठवड्यावर आलं की साडेतीनशे ते चारशे. एका काकूंच्या फोनवरून पाचशे, दुसऱ्यांच्या फोनवरून तीनशे असं रोज बदलत नाही. आलेखावर ह्या उत्तरांच्या एक्कावन्न रेघा जवळजवळ चालत असतील तर विश्वास ठेवायचा, दहा दिशांना फाकल्या असतील तर गप्प बसायचं. बहुतेक ॲप त्यातली एकच रेघ दाखवतात आणि ती कुठल्या काकूंची आहे हेही सांगत नाहीत.

2025 चा हिवाळाही कोरडाच निघाला. फेब्रुवारीच्या मध्यावर बातमी आली की गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा, ज्या 22 तारखेला सुरू व्हायच्या होत्या, त्या पुरेसा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलल्या. नवऱ्याने ती बातमी मला न बोलता पाठवली. खाली फक्त एक फूल.

आम्ही मार्चचा पहिला आठवडा मनात धरला होता. ह्या वेळी खोली रद्द करता येईल अशी घेतली होती आणि विमानाची तिकिटं काढलीच नव्हती. हे महाग पडतं, शेवटी माणशी साडेतीन-चार हजार जास्त गेले. पण पहिल्या ट्रिपला वाचवलेले पैसे गवतावर गेले होते, त्यापुढे हे काही नाही. मुदत मी 23 फेब्रुवारी ठेवली होती. त्याआधीचे चार दिवस मी सेंटिमीटरकडे पाहिलंच नाही. एवढंच बघत होते की 25 च्या पुढे लाट येते का आणि दोन्ही मॉडेल ती दाखवतात का. दोन्ही दाखवत होती. एन्सेम्बलमध्ये काही रेघा 20 मिलिमीटरवर, काही 90 वर, पण शून्यावर एकही नाही. तीच ओळ मी नवऱ्याला वाचून दाखवली: "किती ते माहीत नाही, पण सगळे येतो म्हणालेत." त्याने तिकिटं काढली.

त्याच आठवड्यात हवामान खात्याने मुंबईला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. फेब्रुवारीत! सांताक्रूझचा पारा 38 च्या वर. लोकलमध्ये दारात उभी राहून, घाम पुसत, मी काश्मीरची शून्य अंशाची पातळी बघत होते. शेजारची बाई माझ्या फोनवरचे उणे आकडे बघून म्हणाली, "कुठलं आहे हो हे? आम्हाला पण पाठवा जरा."

लाट आली. 25 नंतर काश्मीरात बर्फ लागला तो महिनाअखेरपर्यंत. प्रशिक्षकाने व्हिडिओ पाठवला, त्यात फक्त पांढरं होतं आणि त्याचा आवाज: "मॅडम, शीन! शीन!" काश्मिरीत शीन म्हणजे बर्फ.

पोचलो तेव्हा टंगमर्गच्या वर गाड्यांच्या चाकांना साखळ्या चढवाव्या लागत होत्या. कुरण ओळखू येईना. ज्या चहावाल्या दुकानदाराकडे गेल्या खेपेला बसलो होतो, त्याला ह्या वेळी मान वर करायला फुरसत नव्हती. ते बघून बरं वाटलं.

एवढा बर्फ म्हणजे मजा, पण हाच पहिला दिवस वरच्या उतारांवर सर्वांत वाईट असतो. हे वाचलं होतं, तिथे दिसलं. हिमप्रपाताच्या धोक्याची पट्टी एक ते पाच असते आणि आपल्या शाळेतल्या सवयीने आपण तीनला "मध्यम, चालेल" समजतो. तसं नाही. पट्टी सरळ चढत नाही. दोनवरून तीनवर जाताना धोका एका पायरीपेक्षा कितीतरी जास्त वाढतो, आणि त्या दिवशी आकडा तीनच्याही वर होता. नवा बर्फ जुन्या थरावर नुसता टेकलेला असतो, आणि वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला फळीसारखा रचून ठेवतो. फेब्रुवारी 2023 मध्ये ह्याच अफरवाटवर दोन पोलिश पर्यटक हिमप्रपातात गेले. नवऱ्याला गाइड घेऊन दुसऱ्या टप्प्यावरून उतरायची हौस होती. तीन दिवस थांब म्हटलं. प्रशिक्षकही तेच म्हणाला. माझं एकटीचं ऐकलं असतं असं वाटत नाही.

आता वाऱ्याची गोष्ट, कारण ह्याच एका गोष्टीने माझी घरातली पत परत मिळाली. एका सकाळी कुरणात पान हलत नव्हतं, आकाश निळंशार. फोनवर वारा ताशी 8 किलोमीटर. दुसऱ्या टप्प्याच्या तिकिटासाठी लोक रांगेत उभे, त्यात आम्हीही, नुसतं वर जाऊन बघायला. रांगेत उभ्या उभ्या मी वेसाव्याच्या सहकाऱ्याने शिकवलेलं केलं. फोनवरचा वारा जमिनीपासून दहा मीटरवरचा असतो, मॉडेलच्या सपाट जमिनीपासून. वरचा बघायचा तर दाबाची पातळी बदलायची: 700 हेक्टोपास्कल म्हणजे साधारण तीन हजार मीटर, 600 म्हणजे बेचाळीसशेच्या आसपास. कोळ्यांना हे नकाशे वादळ कुठे वळणार ते बघायला लागतात. मला अफरवाटसाठी लागले. 600 वर आकडा होता 65, दुपारपर्यंत वाढत जाणारा. मी म्हटलं, "दुसरा टप्पा आज सुरू होणार नाही." नवऱ्याने वर बघितलं, निळं आकाश. त्याच्या तोंडावर ते जुनं वाक्य आलेलं मला दिसलं.

मुलाने आधी पाहिलं. अफरवाटच्या धारेवरून पांढरं काहीतरी लांबच लांब उडत होतं, पदर वाऱ्यावर सुटावा तसं, आणि विरून जात होतं. वरचा वारा बर्फ उचलून नेत होता. इतक्या खालून त्याचा आवाज अजिबात येत नव्हता. वीस मिनिटांत खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की वाऱ्यामुळे फेज टू बंद. रांग कुरकुरत मोडली. नवरा काही बोलला नाही. त्याने माझ्यासाठी कहवा आणला. आमच्यात ह्याला माफीनामा समजतात.

बाकी दिवस कुरणातच गेले आणि तिथे अंदाजाचा उपयोग वेगळाच निघाला. शिकाऊ माणसाला किती बर्फ पडणार ह्याच्यापेक्षा रात्री आकाश उघडं आहे का हे जास्त महत्त्वाचं. मार्चमध्ये दुपारी ऊन लागून वरचा थर ओलावतो. रात्री ढग नसले की जमिनीची ऊब निघून जाते आणि सकाळी त्याची काच होते. त्या काचेवर मी पहिल्या सकाळी इतक्या वेळा आपटले की डाव्या कोपराला रंग आला. मग आम्ही ढगांचा अंदाज बघून क्लासची वेळ लावली: रात्र निरभ्र असेल तर अकरानंतर, ढगाळ असेल तर नऊलाच. मात्र दिवसा ढग दाट असले की पांढऱ्यावर पांढरं, खड्डा आणि उंचवटा सारखाच दिसतो. पायाखाली जिना संपला असं वाटावं आणि अजून एक पायरी निघावी, तसं पोटात होतं. त्या दिवशी पिवळ्या काचेचा गॉगल भाड्याने घेतला, थोडा फरक पडला.

परतीच्या दिवशी सकाळपासून भुरभुर लागली होती. कुरणात तापमान 0. मी रात्रीच वहीत लिहून ठेवलं होतं: 2,200 मीटरपर्यंत बर्फ, त्याखाली पाऊस. गाडी वळणं घेत उतरत होती आणि मुलगा हातातल्या उंची दाखवणाऱ्या घड्याळाकडे बघत मोठ्याने आकडे म्हणत होता, स्टेशनांची नावं म्हणावीत तसे. ड्रायव्हरला काय चाललंय ते समजेना. पाकळ्या काचेवर येऊन सावकाश बसत होत्या, मग बसल्या बसल्या वितळायला लागल्या, मग त्यांचा आकारच गेला आणि एका वळणावर वायपरच्या पुढून पाण्याचा सरळ ओघळ खाली आला.

"2,340," मुलगा म्हणाला.

मी पेन काढलं आणि 2,200 च्या पुढे ते लिहिलं. ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं, "हिसाब लिख रहे हो, मॅडम?"